तासिओच्या तीनचाकीचं मागचं चाक

९ जानेवारी, गुरुवार
प्रेशर १६८/१०४. हाताचे व्यायाम: नाही.

ही वही थेरपीच्या मॅडम क्लॅरिसनी दिली, माझ्या नवऱ्याचं, तासिओचं रोजचं प्रेशर आणि व्यायाम लिहून ठेवायला. त्या दोन ओळी लिहून झाल्या की सगळं पान उरतं, आणि कोरं पान टाकून द्यायला माझा जीव धजत नाही. म्हणून बाकीचं लिहिते. मॅडमनी हवं तर वरचं तेवढं वाचावं.

आज हॉस्पिटलातून निरोप आला. तासिओच्या थेरपीच्या दोन पाळ्या चुकल्या, डिसेंबरातली आणि परवाची. २८ तारखेची तिसरीही चुकली तर त्याचं नाव काढून ती जागा रांगेतल्या दुसऱ्याला देणार. त्यांचंही बरोबर आहे. पण आम्ही जायचं कसं? शेजारचा बेन्हामिन आपल्या गाडीतून न्यायचा, तो ख्रिसमसआधीच बायकोच्या गावाला कायमचा राहायला गेला. बाकीचे तीनचाकीवाले खाली आमच्या वस्तीत येत नाहीत, रस्त्यात वाळू आणि दगड. वर तिठ्यापर्यंत चालत जायला चांगल्या माणसाला अर्धा तास लागतो. जूनमध्ये झटका आल्यापासून तासिओला अंगण ओलांडायलाच तेवढा वेळ लागतो. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, आणि जीभ अर्धीच वळते.

आमची स्वतःची तीनचाकी आहे. सव्वीस वर्षं त्याने तिच्यावर माणसं वाहिली, मोटारसायकल त्याने घेतलेली, साइडकार त्याच्या बापाने जोडलेली. जूनपासून झापांच्या छपराखाली उभी आहे. मागचं चाक बसलंय आणि जाम झालंय, ढकलली तरी इंचभर हलत नाही.

मी त्याला सांगितलं, “मी चालवेन. चटया घेऊन बाजाराला मी इतकी वर्षं लहान मोटारसायकलवर जात होतेच की. ती विकली गेली म्हणून काय मी विसरले?”

त्याने तोंड भिंतीकडे केलं.


१० जानेवारी, शुक्रवार
प्रेशर १७०/१०२. व्यायाम: नाही. रबरी चेंडू हातात दिला तर तो पलंगाखाली टाकला.

तिठ्यावर जाऊन आले. पंक्चरवाल्या मानोंग दोरोला म्हटलं, खाली येऊन जरा बघतोस का. (मी त्याला मानोंग म्हणते, म्हणजे दादा, आणि तो मला सगळ्यांसारखं दाय, म्हणजे पोरी.) म्हणाला, “दाय, माझे गुडघे बघ आणि मग तो उतार बघ. तू चाक काढून आण, मी ते नवं करून देतो.”

“चाक काढायचं कसं?”

“तासिओला विचार. त्याने ते शंभरदा काढलंय.”

विचारलं. तासिओने डोळे मिटून घेतले.


११ जानेवारी, शनिवार
प्रेशर १६४/१००. व्यायाम: नाही.

शेजारची मानांग ब्रिहिदा मदतीला आली. वय एकाहत्तर, पण डुक्कर एकटीने उचलते. आम्ही सिमेंटचे ठोकळे आणले, लांब बांबू मोटारसायकलच्या पोटाखाली घातला, ती बांबूवर बसली आणि मी ठोकळे सरकवले. मागचं चाक चार बोटं वर आलं. आम्ही दोघी इतक्या खूश झालो की तिथेच कॉफी प्यायला बसलो.

तासिओ खिडकीत. तिथून ओरडत होता, “द...गड. द...गड.”

ब्रिहिदा म्हणाली, “दगड मारतो म्हणतोय. वाईट स्वभाव त्याचा आजाराआधीपासूनच होता.”

मग मी हातोडा आणायला उठले, गाडीला नुसता हात लागला, आणि ती पुढे गडगडून ठोकळ्यांवरून धाडकन खाली आली. माझा पाय वीतभर अंतराने वाचला. पुढच्या चाकाला दगड लावायचा राहिला होता. ते सांगत होता तो.

दुपारी पुन्हा वर चढवली, दगड लावून.


१२ जानेवारी, रविवार
प्रेशर १६६/१००. व्यायाम: नाही. चर्चला एकटीच गेले. काही विशेष नाही.


१४ जानेवारी, मंगळवार
प्रेशर १५८/९६. व्यायाम: नाही.

आज सकाळी पेज खाऊन झाल्यावर त्याने काठी घेतली आणि छपराच्या दिशेने दाखवली. आधी मला वाटलं संडासला जायचंय. पण नाही. प्लास्टिकची खुर्ची छपराखाली नेऊन ठेवली, त्याला तिथे बसवलं. जूनपासून तो गाडीजवळ गेला नव्हता. बराच वेळ नुसता बघत बसला. हँडलवर कोंबडीने घाण केली होती, ती पुसायला लावली आधी.

मग मी चाकाच्या मधला मोठा नट धरायला गेले. तो नेमका साइडकारच्या बाजूला, चाक आणि साइडकार यांच्या फटीत. माझी पाठ साइडकारला, नाक टायरला. पाना लावला, जोर केला, तसूभर हलला नाही. समुद्राची खारट हवा सात महिने खाल्लेला नट. रॉकेल ओतलं. खोबरेल ओतलं. ब्रिहिदाने माडी ओतायचं सुचवलं, पण ती तिने स्वतःच प्यायली.

तासिओ म्हणाला, “उद्या.” अगदी स्पष्ट.


१५ जानेवारी, बुधवार
प्रेशर १५६/९६. व्यायाम: नाही. विचारलंसुद्धा नाही आज, गडबडीत राहून गेलं. मॅडमना काय सांगू?

नट सुटला. लिहून ठेवते कसा, पुढे कामाला येईल.

नट फिरवला की आतला आस पण त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून पलीकडून आसाचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवावं लागतं. ब्रिहिदा डुकराला घेऊन बाजारात गेलेली. दुसरं कोण धरणार? तासिओ खुर्चीवरून उठला, चाकाच्या डाव्या बाजूला आला. तोल जायला नको म्हणून डाव्या हाताने सीट घट्ट पकडली आणि दुसऱ्या हाताने पाना आसावर धरला. मी पलीकडे फटीत. माझ्या पान्याला पाण्याच्या नळाचा तुकडा चढवला, त्याने सांगितलं तसा, म्हणजे दांडा लांब होतो आणि जोर वाढतो. तो म्हणाला, “ओढ.” मी ओढला. “ओढ, दाय, जे...वली नाहीस?” मी पाय साइडकारला लावून ओढला, आणि नट कर्रकन आवाज करत सुटला. आधी वाटलं माझं हाडच मोडलं.

त्याचा पाना एकदाही सटकला नाही, नाहीतर माझे दात गेले असते.

प्रत्येक वस्तू तांदळाच्या सुपात ओळीने मांडायला लावली त्याने. नट, वायसर, मग साखळी ताणायचा तुकडा. एक जरी मागेपुढे ठेवलं की “चक्” करतो.


१६ जानेवारी, गुरुवार
प्रेशर १७२/१०६. व्यायाम: नाही.

वाईट दिवस. नट निघाला, पण आस काही निघेना. मोकळ्या बाजूला, जिथे हातोडा फिरवायला जागा आहे, तिथून मी त्याच्या डोक्यावर मारत राहिले. सकाळ गेली मारण्यात. तासिओ खुर्चीतून म्हणायला लागला, “उल...ट... उल...ट...”

मी धावत जाऊन घमेलं आणलं, त्याच्या तोंडापुढे धरलं. त्याने मान हलवली. आल्याचं पाणी करून दिलं. पोटावर तेल चोळलं. तो पुन्हा “उल...ट”. मी पुन्हा घमेलं. शेवटी त्याने घमेलं असं उडवलं की कोंबड्या पळाल्या, आणि रडायला लागला. लहान मुलासारखा नाही, बाप्यासारखा, आवाज न करता.

मी त्याला आत नेऊन निजवलं. मग छपराखाली जाऊन बसले. इथे खरंच लिहायचं ठरवलंय तर लिहिते. माझ्या मनात आलं की जूनमध्ये त्या दिवशीच गेला असता तर सुटला असता, आणि मीही. असं मनात आलं. मी ते घालवायला उठून भांडी घासली. पण आलं होतं.

चाक काढणं हे मूर्खपणाचं आहे. विकून टाकावी गाडी आहे तशी.


१७ जानेवारी, शुक्रवार
प्रेशर १५४/९४. व्यायाम: नाही.

ब्रिहिदाला कालचं सांगितलं, आलं, घमेलं, सगळं. ती पान चघळत ऐकत होती. म्हणाली, “तू कुठून मारत होतीस?”

“इकडून. डोक्यावर.”

“अगं बये, त्याला उलटी नव्हती होत. उलट म्हणत होता तो. उलट बाजूने मार.”

मी तिच्याकडे बघितलं. मग खिळ्याचं आठवलं. खिळ्याच्या डोक्यावर मारलं तर खिळा आत जातो, बाहेर येत नाही. पन्नास वर्षं जगले आणि एवढं कळू नये.

तासिओजवळ गेले आणि म्हटलं, “उलट बाजूने मारायचं का?” त्याने डोळे वर केले, छताकडे, देवाकडे, जणू साक्षीदार बोलावतोय. मग म्हणाला, “दोन. दिवस. दाय.”

“मग मी काय करू? तू तसा बोललास तर मी घमेलंच आणणार.”

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा रडतोय. हसत होता. ब्रिहिदाही हसली, मग मीही. इतकं हसलो की त्याला ठसका लागला आणि मला खरोखर घमेल्याची भीती वाटली.

फटीत हातोडा मावेना. वाटणाचा लाकडी दस्ता नेला, तो आखूड आहे. टक टक टक, आणि आस पलीकडून सरकत बाहेर आला, तासिओने तो ओढून घेतला, गंजलेला, तेलकट, हातभर लांब. तरी चाक अडलेलंच. ब्रेकची सळई सोडायची होती, आणि साखळी दातऱ्यांवरून उतरवायची. साखळी तासिओनेच उतरवली, मला जमत नव्हती. चाक पुढे ढकल म्हणाला, आणि साखळी बोटांनी उचलून बाजूला केली. मग मी चाक वाकडं करून मागून ओढलं आणि ते माझ्या मांडीवर येऊन बसलं. जड आहे, पण तान्ह्या मुलासारखं धरलं मी.

नंतर त्याचे हात धुवायला बसले. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, नखांत ग्रीस. साबणाची अर्धी वडी त्यातच गेली. जेवायला सुकी मासळी आणि शेवग्याचा पाला. त्याने दुसऱ्यांदा भात मागितला.


२० जानेवारी, सोमवार
प्रेशर १४८/९२. प्रेशरच्या मशिनचे सेल संपत आले असावेत, आकडे खाली खाली येतायत. नवे घालून बघते. व्यायाम: नाही.

ब्रिहिदाच्या डुकराच्या खाण्याच्या हातगाडीत चाक घालून तिठ्यावर नेलं. उतार चढताना तीनदा थांबले. मानोंग दोरोने टायर बघितला, हात लावला तर रबराचे कण पडले. नवा टायर, नवी ट्यूब. आतला ब्रेक गंजून ड्रमला चिकटलेला, तो त्याने ठोकून सोडवला आणि घासून दिला.

काम करता करता म्हणाला, “तासिओने काढून दिलं ना?”

“मी काढलं.”

“मग तासिओ काय करत होता?”

“माझ्या चुका काढत होता.”

“मग बरा होतोय तो,” म्हणाला. असं म्हणतात लोक, बोलायची पद्धत असते.


२१ जानेवारी, मंगळवार
प्रेशर १४६/९०, नवे सेल घालूनसुद्धा. व्यायाम: नाही.

चाक परत बसवलं, साखळी चढवली, आस घातला, नट आवळला. दुपार झाली. कंबर मोडली पण काम संपलं असं म्हणून मी सूप उचललं, तर सुपात एक लोखंडी कडं शिल्लक. बोटभर रुंद, अंगठीसारखं.

तासिओने ते उचलून डोळ्यापुढे धरलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ते नसलं तर चालणार नाही का?”

“चालेल,” म्हणाला. “मर...शील.”

पुन्हा सगळं काढलं. नट, आस, साखळी. आता न विचारता काढलं. कडं ब्रेकच्या बाजूला बसतं, चाक आणि त्याला दोन्हीकडून धरणारा लोखंडी चिमटा यांच्या मध्ये. त्याने ते जागेवर धरलं आणि मी आस सारला. पहिल्या वेळी पाच दिवस लागले होते, आज दुसऱ्यांदा काढून बसवायला दीड तास. शेवटी नटाच्या भोकातून खिळपिन घातली, पण तिची टोकं मात्र त्याने मला वाकवू दिली नाहीत, स्वतःच वाकवली पकडीने.

संध्याकाळी चाक हाताने फिरवलं. गरगर फिरलं, आवाज न करता. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत बघत बसलो. मग त्याने पुन्हा फिरवलं.


२४ जानेवारी, शुक्रवार
प्रेशर १४४/९०. व्यायाम: नाही.

बेन्हामिनच्या जुन्या घरापासून विहिरीपर्यंत चालवून बघितली. दोन चाकांच्या गाडीसारखी ही झुकत नाही. वळवायला गेलं की हट्टी म्हशीसारखी साइडकारकडे ओढते. पहिल्यांदा केळीत गेले. तासिओ खुर्चीत बसून डोक्याला हात लावून होता. दहाव्या फेरीला सरळ गेले.

“मंगळवारी बसशील ना?” विचारलं.

तो काठी घेऊन आत निघून गेला. हीच भीती आहे मला. गाडी चालायला लागली पण तो बसला नाही तर? सव्वीस वर्षं पुढे बसून लोकांना नेलेला माणूस, बायकोच्या बाजूला सामानासारखा बसून वस्तीसमोरून जाणार? मी त्याच्या जागी असते तर बसले असते का, मलाच सांगता येत नाही.


२७ जानेवारी, सोमवार
प्रेशर १४२/८८. व्यायाम: नाही.

त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. त्याने तो नुसता बघितला.

वही चाळली. पहिल्या पानापासून आजपर्यंत “व्यायाम: नाही, नाही, नाही.” उद्या मॅडम हे वाचतील. एकदा वाटलं मधूनमधून “केले” लिहावं. पण खोटं लिहून उपयोग काय, हात तर तोच आहे. मी चाकाच्या नादी लागून तीन आठवडे त्याच्या हाताकडे बघितलंच नाही. नाव काढलं तर तो दोष माझा.


२८ जानेवारी, मंगळवार

प्रेशर हॉस्पिटलात घेतलं, १३८/८६. त्यांच्या मशिनवर. म्हणजे आमचं मशिन ठीक होतं.

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी तो सदरा घालून तयार. छपराखाली आला आणि मोटारसायकलच्या सीटपाशी उभा राहिला. हँडलवर हात ठेवला. मी हेल्मेट हातात धरून उभी राहिले. ब्रिहिदा कुंपणापाशी होती, तिने एकदा तोंड उघडलं, मी डोळे दाखवले, तिने मिटलं. बऱ्याच वेळाने तो वळला, साइडकारचा दांडा धरला, आधी चांगला पाय टाकला, मग ओढत दुसरा, आणि बसला. मला म्हणाला, “चोक.”

जाताना माझं सगळं लक्ष साइडकार कुठे ओढते तिकडे. तिठ्यावर मानोंग दोरो दुकानाबाहेर आला आणि हात वर केला. तासिओने मान हलवली.

हॉस्पिटलात मॅडम क्लॅरिसनी वही मागितली. मी आधीच म्हटलं, “मॅडम, व्यायाम झाले नाहीत. एक दिवसही नाही. चूक माझी आहे. पण आम्ही आलो ना वेळेवर, नाव ठेवा.”

त्या वाचायला लागल्या. मला वाटलं होतं वरच्या दोन ओळी वाचतील. त्या खालचंही वाचत गेल्या. घमेल्यापाशी हसल्या. सोळा तारखेचं सगळं पान वाचलं असणार, कारण माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच पान उलटलं. मग मागे गेल्या, पंधरा तारखेला. बोट ठेवलं. (मला त्या नानाय म्हणतात, म्हणजे आई, आणि तासिओला ताताय, म्हणजे बाबा.)

“नानाय, इथे लिहिलंय डाव्या हाताने सीट धरली आणि दुसऱ्या हाताने पाना. दुसऱ्या म्हणजे कोणत्या?”

“दुसऱ्या म्हणजे... दुसऱ्या,” मी म्हटलं.

मी तासिओकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

“आणि साखळी बोटांनी उचलली ती? पिन वाकवली ती पकडीने?”

“डाव्याने चाक धरलं होतं त्याने,” मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. दोन्ही हात काळे. मी स्वतः धुतले होते ते दोन्ही हात, नखं कोरली होती, आणि माझ्या डोक्यात एवढंच की साबण संपतोय.

मॅडमनी त्याच्या उजव्या हातात आपली दोन बोटं दिली आणि दाबायला सांगितलं. नोव्हेंबरात याच खोलीत तो हात मेलेल्या मासळीसारखा पडून होता. आज त्या म्हणाल्या, “बास, ताताय, बास, बोटं हवीत मला अजून.”

तो म्हणाला, “चेंडू... बावळट. पाना बरा.”

“मग पानाच धरा,” त्या म्हणाल्या. नाव राहिलं. त्यांनी पेन घेऊन माझ्या सगळ्या “नाही”वर काट मारली, एकेका पानावर, आणि मी तिथे खुर्चीत बसून रडले. मला बघून त्याला लाज वाटली असणार, दुसरीकडे बघत होता. नीट व्हायला वेळ लागेल, सगळा हात परत येईलच असं नाही, हेही मॅडमनी सांगितलं. मी ऐकलं. पण मला इतकं हलकं वाटत होतं की ते ऐकूनही काही झालं नाही.

येताना समुद्राकाठच्या रस्त्याने आलो, लांब पडतो पण सपाट आहे. वारा चांगला होता. खड्ड्यातून एकदा गाडी गेली, मग दुसऱ्यांदा. तासिओने साइडकारच्या दांड्यावर टकटक केलं, उतारू थांबवायला करतात तसं. मी घाबरून थांबवली.

“काय झालं? उलटी?”

“नाही.” तो इकडे तिकडे बघत होता, चाकाकडे, रस्त्याकडे, माझ्या गुडघ्याकडे. “एवढं खाली बसतात? खडा... खडा लागतो तोंडाला. सव्वीस वर्षं... कुणी बोललं नाही मला.”

“धक्के बसतायत का?”

“बसतायत.” मग नीट टेकून बसला, हात मांडीवर ठेवले. “हळू चालव. पण चालव.”

मी गिअर टाकला.